लिबर्टीच्या आत जाऊ का? १४ डाइव्हवाल्याला जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालंय, एकूण १४ डाइव्ह, शेवटची आठ महिन्यांपूर्वी, आता बालीला तुलांबेनला तीन दिवस चाललाय आणि लिबर्टीचं रेक, म्हणजे पाण्याखालचं पडकं जहाज, करायचंय. मित्र म्हणतो पाणी कोमट आहे, लांबपर्यंत स्वच्छ दिसतं, करंट (पाण्याचा प्रवाह) फारसा नसतो, बोट पण लागत नाही, किनाऱ्यावरून चालत जायचं, गाइड आतून पण फिरवून आणतो, मग घाबरायचं काय त्यात. आणि तुम्ही विचारताय की आत जाऊ का, अ‍ॅडव्हान्स्ड (पुढचा कोर्स) आधी करून जाऊ का आणि गोप्रो न्यायचा का.

आधी पटकन सांगून टाकते. जा, नक्की जा, पहिल्या रेकसाठी यापेक्षा बरं जहाज शोधून सापडणार नाही. अ‍ॅडव्हान्स्ड इथून करून जायची गरज नाही, का ते खाली सांगते. आत जायचं की नाही याला मात्र एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण "आत" म्हणजे कुठे यावर सगळं आहे आणि त्याहून जास्त तुमची बॉयन्सी (पाण्यात एकाच खोलीवर स्थिर राहता येणं) आज कशी आहे यावर, आणि ती मी इथे बसून बघू शकत नाही.

पण तुमच्या मित्राचं म्हणणं परत एकदा वाचा. त्याने दिलेली सगळी कारणं पाण्याबद्दल आहेत, तुमच्याबद्दल त्यात एकही नाही. मी गेली अकरा वर्षं शिकवतेय आणि रेकवर जे लोक अडचणीत आलेले बघितले ते जवळपास सगळे असल्याच छान पाण्यात. थंड पाण्यात माणूस आपोआप सावध राहतो हो, जाड सूट, हातात ग्लोव्ह्ज, कमरेला वजनासाठी ढीगभर शिसं, समोर चार मीटरच्या पुढे काही दिसत नाही, तिथे कोणाला उगाच जहाजात घुसायची हौस येत नाही. २८ डिग्रीच्या पाण्यात तसं काही होत नाही, अंगावर पातळ सूट, वरून ऊन येतंय, मासे फिरतायत, आणि बघता बघता आपण २६ मीटरवर एका लोखंडी छताखाली असतो आणि हवेचं गेज बघून दहा मिनिटं झालेली असतात. खोली तेवढीच, गंजलेलं लोखंड तसंच, गाळ तसाच, टँकमधली हवाही तेवढीच, फक्त याची आठवण करून देणारं काही उरत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो की मागे कधी वळायचं हे कोण ठरवणार आणि कुठे उभं राहून ठरवणार. ते किनाऱ्यावर, कोरड्या अंगाने ठरलेलं असलं तर आत-बाहेरचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

आता जहाजाबद्दल थोडं, कारण ते तिथे कसं आलं हे कळलं की ते सोपं का आहे आणि कुठे सोपं नाही हेही कळतं. यूएसएटी लिबर्टी हे अमेरिकन सैन्याचं मालवाहू जहाज, १९१८ साली बांधलेलं. बरेच लोक याला "लिबर्टी शिप" म्हणतात, गाइडसुद्धा म्हणतात, पण दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेली ती लिबर्टी क्लासची जहाजं वेगळी, याचं नुसतं नावच लिबर्टी. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोक सामुद्रधुनीजवळ आय-१६६ या जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. ते लगेच बुडालं नाही, एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला ओढत उत्तरेला सिंगराजाकडे नेत होत्या पण पाणी फार शिरायला लागलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते एकवीस वर्षं वाळूत पडून होतं, लोकांनी कामाचं होतं ते काढून नेलं, आणि १९६३ ला आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा हादऱ्यांनी ते किनाऱ्यावरून सरकून पाण्यात गेलं.

म्हणजे हे जहाज समुद्रात बुडालेलं नाही, किनाऱ्यावरून घसरलेलं आहे. त्यामुळे ते उतारावर, किनाऱ्याला समांतर, कुशीवर पडलंय, सगळ्यात उथळ भाग साधारण ५ मीटरवर आणि खालची कड ३० च्या आसपास. लांबी १२० मीटरच्या वर. किनाऱ्यापासून अंतर पन्नास मीटरही नसेल. आणि घसरताना आणि नंतरच्या इतक्या वर्षांत ते मोडलंय, खूप ठिकाणी उघडं पडलंय, त्यामुळे तिथलं "आत" हे बऱ्याच जागी मोठ्या पडक्या वाड्यासारखं आहे, भिंती आहेत पण छप्पर अर्धं गेलेलं. तुमच्या मित्राचं "आत सोपं आहे" हे त्या भागांपुरतं खरं आहे. पण सगळे भाग तसे नाहीत आणि पडका वाडा दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतोच, मागच्या वर्षी कोणी आरपार गेलं म्हणून यंदा ती वाट तशीच असेल असं धरून चालू नका.

तुमच्या कार्डावर १८ मीटरपर्यंतची मुभा आहे आणि गंमत म्हणजे या जहाजाचं जे खरं बघण्यासारखं आहे त्यातलं बरंचसं ५ ते १८ मध्येच आहे. मऊ प्रवाळ, समुद्रपंखे, स्पंज, सगळं लोखंड त्यांनी झाकलंय, कधी कधी जहाजाचा भाग कुठला आणि रीफ कुठला ते कळत नाही. भल्या पहाटे पाण्यात शिरलात तर बंपहेड पॅरटफिशचा कळप दिसायची शक्यता असते, मीटरभर लांबीचे, कपाळावर टेंगूळ आल्यासारखे दिसणारे मासे, रात्री ते जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडलं की बाहेर पडतात. दक्षिण बालीहून येणाऱ्या डाइव्हर्सच्या गाड्या नऊ-दहाच्या सुमाराला पोचतात आणि मग तिथे बाजार भरतो. तुम्ही तुलांबेनलाच राहणार आहात ना, मग याचा फायदा घ्या, साडेसहाला पाण्यात असा.

आता हवेचा हिशेब. हा भाग लोक वाचायचा कंटाळा करतात, पण मला विचाराल तर माझ्या उत्तरातला हाच भाग कामाचा आहे.

तिथे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा टँक मिळतो, साधारण ११ लिटरचा, २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला, म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार, म्हणजे ५५० लिटर, राखून ठेवायचे असं तुम्हाला कोर्समध्ये शिकवलंय. उरले १६५० लिटर. आठ महिन्यांच्या गॅपनंतर, नवीन जागी, थोडं टेन्शन असताना तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेता असं धरू (पहिल्या डाइव्हला २५ पण होईल, लाजायचं काही नाही). १२ मीटरवर दाब २.२ पट, म्हणजे मिनिटाला ४४ लिटर, म्हणजे ३७ मिनिटं. १८ मीटरवर २.८ पट, ५६ लिटर, २९ मिनिटं. २५ मीटरवर साडेतीन पट, ७० लिटर, जेमतेम २३ मिनिटं.

इथपर्यंत सगळे येतात. पुढचा हिशेब फार कमी लोक करतात. समजा २५ मीटरवर तुमच्या बडीची (डाइव्हमधल्या जोडीदाराची) हवा संपली, काय वाट्टेल ते कारण असो, आणि तो तुमच्या टँकवर आला. आता दोन माणसं, दोघंही घाबरलेली, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरा, म्हणजे मिळून ६०. पहिलं एक मिनिट नुसतं सावरण्यात जातं, एकमेकांना धरणं, ओके करणं, तेवढ्यात गेले २१० लिटर. मग मिनिटाला ९ मीटरच्या वर न जाता वर यायला तीन मिनिटं, सरासरी दाब २.२५ पट, गेले ४०५. मग ५ मीटरवर तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप (अंगातला नायट्रोजन निघावा म्हणून थांबणं), २७०. बेरीज ८८५ लिटर. ११ लिटरच्या टँकमध्ये ही हवा म्हणजे ८० बार.

म्हणजे २५ मीटरवर असताना तुमच्या गेजवर ५० बार दिसत असतील तर ती हवा तुमच्या एकट्यापुरती आहे, बडी त्यात धरलेलाच नाही. आणि हे सगळं डोक्यावर मोकळं पाणी आहे असं धरून. डोक्यावर लोखंड असेल तर आधी आडवं बाहेर यायचं आणि मग वर, तो वेळ यात नाहीच. म्हणून रेकमध्ये आणि गुहांमध्ये तृतीयांशाचा नियम वापरतात, एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, एक कधीच न वापरायला. २०० ने सुरुवात केली तर ६५ बार खर्चले की, म्हणजे गेजवर १३५ दिसले की, वळायचं, समोर काहीही असो. नवीन माणसाला हे फार लवकर वाटतं, मला पण वाटायचं.

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन घातलेली हवा) घेतलं तर जास्त वेळ मिळतो असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सने नो-डेको लिमिट (वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येईल तो वेळ) वाढतं हे बरोबर आहे, पॅडीच्या (डायव्हिंग शिकवणारी संस्था) टेबलात ३० मीटरवर साध्या हवेला २० मिनिटंच आहेत त्यामुळे खोल जाणाऱ्याला त्याचा फायदा होतो. पण टँकमधले लिटर काही वाढत नाहीत. तुमची डाइव्ह हवेमुळे संपणार आहे, नायट्रोजनमुळे नाही, १८ मीटरला टेबल ५६ मिनिटं देतं आणि तुमच्याकडे हवा आहे २९ ची. तेव्हा तो खर्च सध्या राहू दे.

आता "आत". मी माझ्यापुरते याचे तीन प्रकार करते, पुस्तकी नाहीत, माझे आहेत. पहिला म्हणजे कडेने, वरून, मोडलेल्या भागातून बघणं, डोकं वर केलं की पाणीच दिसतं. यात लिबर्टीचं बहुतेक सगळं येतं. दुसरा म्हणजे आरपार, शिरताना समोर बाहेर पडायची जागा उजेडात दिसते, दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी रुंदी, मध्ये वळण नाही, चार-पाच फिन (पायातली वल्ही) मारल्या की बाहेर. तिसरा म्हणजे खरं आत, वळण घेतल्यावर मागचा उजेड दिसेनासा होतो, खोलीतून खोलीत, इंजिन रूम वगैरे.

पहिला करा, मनसोक्त करा. दुसरा, तुमची बॉयन्सी त्या आठवड्यात ठीक आहे असं तुम्हाला आणि गाइडला दोघांनाही वाटलं तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करा. तिसरा अजिबात नाही, गाइड कितीही चांगला असला तरी नाही. रेक स्पेशालिटी कोर्स केलेल्यांनाही पॅडी उजेडाच्या टप्प्यातच राहायला सांगतं आणि पृष्ठभागापासून खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या पुढे जाऊ देत नाही. तुमच्याकडे तर तो कोर्सही नाही.

गाइड चांगला असला तरी नाही असं का म्हणते, ते सांगते. माझ्या साठेक डाइव्ह झाल्या होत्या तेव्हा, फिलिपीन्समध्ये कोरोनला. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन विमानांनी बुडवलेली जपानी जहाजं आहेत तिथे. त्यातल्या एकात, २४ मीटरच्या आसपास, गाइडच्या मागे आम्ही तिघं एका कार्गो होल्डमधून (माल ठेवायच्या कोठारातून) पुढच्या भागात शिरलो. गाइड खरंच चांगला होता, काय सुंदर पोहायचा. माझ्या पुढचा माणूस सायकल चालवल्यासारखे पाय मारत होता, आणि मध्येच तो उभा झाला कॅमेरा नीट करायला. झालं. त्या गाळाची वाळूशी तुलना करू नका, तो पिठासारखा असतो, तो वर उठला आणि मला माझ्याच हातातलं गेज दिसेना. टॉर्च लावला तर धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तसं, पांढरी भिंत, म्हणून विझवला. मी एका हाताने लोखंड धरलं, मागच्याने माझा फिन धरला. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मला बाहेरची वाट माहीतच नाही. मी वाट बघत आलेच नव्हते, गाइडच्या पिवळ्या फिन्स बघत आले होते आणि त्या आता दिसत नव्हत्या.

गाइडने येऊन आम्हाला एकेकाला काढलं, सहा-सात मिनिटं लागली असतील. आत जाताना माझे १३० बार होते, बाहेर आले तेव्हा ७०. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून कोणाच्याही मागे जाताना मी स्वतःला विचारते की हा माणूस आत्ता दिसेनासा झाला तर मी कुठून बाहेर जाईन, आणि उत्तर लगेच आलं नाही तर मी थांबते. आरपार जागेत शिरताना तुम्ही पण हेच विचारा.

गाळ फक्त पायांनी उठतो असंही नाही. तुमचे सोडलेले बुडबुडे छताला लागतात आणि वरचा गंज सुटून खाली येतो, तुम्ही कितीही सुंदर पोहलात तरी. आणि बुडबुडे छताखाली साठून चकचकीत आरशासारखा हवेचा कप्पा दिसतो, तिथे डोकं वर काढून रेग्युलेटर (तोंडात धरतो तो श्वासाचा भाग) काढायचा विचार मनातसुद्धा आणू नका, ती लोकांनी श्वासातून सोडलेली हवा आहे आणि बंद लोखंडी जागेत गंज ऑक्सिजन खात असतो.

मग तुमची बॉयन्सी "ठीक" आहे हे ओळखायचं कसं? पहिल्या दिवशी रेकवर जाऊच नका खरं तर, किंवा गेलात तरी ती डाइव्ह चेक डाइव्ह (स्वतःला तपासायची डाइव्ह) म्हणून करा, आठ महिने कमी नाहीत. शेवटी ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला हात छातीशी घ्या, काहीही न धरता, पाय न मारता तीन मिनिटं थांबा आणि डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली बघा. अर्ध्या मीटरच्या आत वर-खाली झालात तर उत्तम. दीड मीटर होत असेल तर दीड मीटरच्या चुकीसाठी लोखंडाखाली जागा नसते, सरळ हिशेब आहे. हाताने पोहायची सवय असेल तर ती पण तिथेच दिसेल.

आणि शिसं बघा. जवळपास सगळे नवीन लोक दोन-तीन किलो जास्त घेतात आणि मग ते बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटात) हवा भरून भरपाई करत बसतात, त्याने पाय खाली जातात आणि पाय खाली गेले की प्रत्येक किक गाळात. वजनाची चाचणी डाइव्हच्या सुरुवातीला केली तर ती अर्धीच होते कारण टँकमधली हवा संपत जाते तसा टँक दोनेक किलो हलका होतो, अ‍ॅल्युमिनियमचा तर शेवटी तरंगायला लागतो. त्यामुळे ५० बार उरले असताना, ५ मीटरवर, बीसीडी रिकामा करून स्थिर राहता येतं का ते बघायचं. तेव्हा खाली ओढले जात असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो काढा. फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) येत नसेल तर यूट्यूबवर बघून खोलीत पालथं पडून सराव करा, हसू नका, माझे निम्मे विद्यार्थी असंच शिकले. ऑक्टो (जादा रेग्युलेटर) आणि गेज अंगाशी क्लिपने अडकवा, लोंबत्या वस्तू रेकवर कशात ना कशात अडकतातच, आणि जहाजांवर अडकलेली मासेमारीची दोरी पाण्यात दिसत नाही, अंगाला लागली की कळते.

अ‍ॅडव्हान्स्डबद्दल. त्या कोर्समध्ये पाच डाइव्ह असतात, डीप आणि नेव्हिगेशन सक्तीच्या, बाकी तीन तुमच्या पसंतीच्या आणि त्यात रेक निवडता येते. तुलांबेनला जाणारच आहात तर तिथेच करा, त्याच जहाजावर इन्स्ट्रक्टरबरोबर फिराल, तीन दिवसांत आरामात होतं आणि ३० मीटरपर्यंतचं कार्ड मिळतं. इथे घाईघाईत कुठल्यातरी गढूळ पाण्यात पाच डाइव्ह उरकून जाण्यापेक्षा ते कधीही बरं. पण कार्ड मिळालं म्हणजे ३० ला जायलाच पाहिजे असं नाही, ३० च्या आसपास नार्कोसिस (नायट्रोजनची गुंगी) बऱ्याच जणांना जाणवायला लागतो, कोणाला नुसतं छान वाटतं, कोणी त्याच गेजकडे तीन वेळा बघतो आणि आकडा काही डोक्यात शिरत नाही.

तर आत्तापर्यंतचं असं की ५ ते १८ मीटर, पहाटे, चेक डाइव्ह आधी, हवेचे आकडे ठरवून, आणि आत फक्त आरपार दिसणाऱ्या जागेत, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यातलं परिस्थितीनुसार बदलू शकतं ते म्हणजे समुद्र. पावसाळी दिवसांत लाटा असतील तर किनाऱ्याजवळ पाणी गढूळ होतं आणि आत शिरणं-निघणं हेच त्या दिवसाचं अवघड काम होऊन बसतं.

कारण तो किनारा वाळूचा नाही, गोल गोल काळ्या गोट्यांचा आहे, पायाखालून सरकतात. टँक तुमच्याआधी पोचलेले असतात, गावातल्या बायका ते डोक्यावरून वाहून नेतात आणि त्याच गोट्यांवरून सपासप चालतात, आपण रिकाम्या हाताने धडपडतो. जाड तळव्याचे बूट घ्या. मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत हवा, बडीचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि तिथे फिन्स घालायच्या. पडलात तर उभं राहायची धडपड करू नका, तसेच पोहत आत सरका. मी या किनाऱ्यावर जितके गुडघे फुटलेले बघितले तितके जहाजावर नाही.

कोमट पाणी आहे म्हणून बरेच लोक शॉर्टी (आखूड हातापायांचा सूट) नाहीतर नुसता रॅशगार्ड घालतात. ३ मिमीचा पूर्ण सूट घ्या, थंडीसाठी नव्हे, कातडीसाठी. गंजलेली कड, फायर कोरल आणि हायड्रॉइड (कातडीची आग करणारे समुद्री जीव), सगळं त्या लोखंडावर वाढलेलं असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. लायनफिश आणि स्कॉर्पिअनफिश दोन्ही आहेत, दुसरा तर दगडच वाटतो, म्हणून कुठेही हात टेकू नका. त्यांचा विषारी काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ डिग्रीच्या आसपास, तो भाग बुडवून ठेवतात आणि मग डॉक्टर.

गाइडला आदल्या दिवशी विचारायचं ते असं. एका गाइडमागे किती जण? (तुमच्यासाठी दोन, फार तर तीन.) किती बारला वळायचं आणि मी ते हाताने दाखवलं की तुम्ही खरंच वळणार ना? कुठल्या जागेतून आरपार जाणार, आणि मी नाही म्हटलं तर बाहेरून फिरून कुठे भेटायचं? माझ्यासाठी कॉम्प्युटर आहे का? हरवलो तर किती वेळ शोधायचं? एक मिनिट शोधून न सापडल्यास वर, ही नेहमीची पद्धत, पण ती सगळ्यांना एकच माहीत पाहिजे. यातल्या कुठल्या प्रश्नाला "टेन्शन नका घेऊ, मी आहे ना" असं उत्तर आलं तर दुसरा गाइड बघा. तुलांबेनला गाइडची कमी नाही.

आणि टॉर्च स्वतःचा घ्या. आत जायचं नसलं तरी. पाच-सहा मीटरच्या खाली लाल रंग संपतो, सगळं जहाज निळं-राखाडी दिसतं आणि टॉर्च टाकला की तेच स्पंज आणि समुद्रपंखे लालभडक निघतात.

एक गोष्ट जी बालीत हमखास विसरली जाते. डाइव्ह झाल्यावर विमानाला १८ तास थांबायचं हे तुम्हाला माहीत असेल. पण तुलांबेनहून परतताना ड्रायव्हर तुम्हाला किंतामानीवरून नेतो, ज्वालामुखीचा व्ह्यू दाखवायला, आणि तो रस्ता समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर चढतो. शरीराला विमान काय आणि डोंगर काय, बाहेरचा दाब कमी झाला एवढंच कळतं. डाइव्हच्याच दिवशी परतणार असाल तर आधीच सांगून ठेवा की आमलापुरावरून खालच्या किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं. किंतामानी बघायचं असेल तर येताना बघा, डाइव्हच्या आधी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डायव्हिंग बसतं का आणि किती मीटरपर्यंत ते वाचा, अटीत कुठेतरी बारीक अक्षरात असतं, नसेल तर डॅनचं (डायव्हर्ससाठीची संस्था) वेगळं घ्या.

जहाजावरून काही उचलायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको, शिंपलासुद्धा नाही.

राहिला गोप्रो. पहिल्या दिवशी रूमवर ठेवा. माझ्या गोष्टीतला तो कॅमेरा नीट करणारा माणूस आठवा, तो वाईट डाइव्हर नव्हता, त्याचं लक्ष फक्त दुसरीकडे होतं. दुसऱ्या दिवसापासून न्या, पण काठी नको, हातात धरायच्या काठीने लोक प्रवाळ तोडतात, मनगटाला किंवा बीसीडीला दोरीने बांधा, आणि बंपहेड आले की दोन मिनिटं रेकॉर्डिंग करून मग बंद करून नुसते बघा. ते प्रवाळ चावतात त्याचा कडाकडा आवाज पाण्यात येतो, तो गोप्रोच्या माइकमध्ये कधीच नीट येत नाही.